दुबईतला माझा पहिला रमजान

माझं माहेर गिरगावातलं, खेतवाडीच्या चाळीतलं. आणि सासर परळला. त्यामुळे लग्न झालं तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, “तुझं बरं आहे बाई, बेस्टच्या एका तिकिटात माहेर!” पण २०१६च्या अखेरीस ह्यांना दुबईत नोकरी लागली आणि ते माहेर एकदम समुद्रापलीकडे गेलं.

दुबईत करामा नावाच्या वस्तीत आम्ही बिऱ्हाड थाटलं. करामा म्हणजे आपल्या माणसांनी गजबजलेला भाग. कढीपत्ता, ओला नारळ, तांदळाची पिठी, सगळं कोपऱ्यावर मिळतं. सामान लावत होते, तेवढ्यात दार वाजलं. डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एक बाई हातात झाकलेली ताटली घेऊन उभ्या. “मराठी का तुम्ही? घावणे आणलेत, गरम आहेत,” त्या म्हणाल्या. मी बघतच राहिले. त्या रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान. पण माहेर मुंबईतलंच, नळबाजाराजवळचं. मी खेतवाडीची म्हटल्यावर हसून म्हणाल्या, “म्हणजे गोलदेवळाच्या अलीकडे तुम्ही आणि पलीकडे आम्ही!”

पायी पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ते. पण खरं सांगते, मैत्रिणींनो, पंचवीस वर्षांत मी गोलदेवळाच्या पलीकडे पायी कधी गेले नव्हते. भुलेश्वरला बांगड्या घ्यायला जाई, मुंबादेवीला ओटी भरायला जाई, आणि तशीच मागे फिरे. रमजान म्हणजे मिनारा मशिदीजवळ रात्री खाण्याचे स्टॉल लागतात, एवढीच माझी माहिती. तीसुद्धा ऐकीव.

आमच्या मुक्कामातला पहिला रमजान आला २०१७ साली, २७ मे रोजी. रमजान सुरू होणार असल्याचं टीव्हीवर जाहीर झालं आणि भाभींचा (मी त्यांना भाभीच म्हणत असे) मुंबईला फोन गेला. मुंबईत चंद्र दिसायचा होता, तिथला रमजान एक दिवस मागाहून. आपल्याकडे एकादशी कॅलेंडरात छापलेली असते. इथे महिना सुरू व्हायला आकाशाकडे बघावं लागतं, याची मला मोठी गंमत वाटली.

सगळं शहर जणू रात्रीचा दिवस करून जगू लागलं. कायद्यानेच कामाचे दोन तास कमी होतात, रोजा असो वा नसो, त्यामुळे हे लवकर घरी. शाळाही लवकर सुटे. दिवसा रस्त्यावर शुकशुकाट, हॉटेलांना पडदे. मुंबईच्या सवयीने मी पर्समध्ये पाण्याची बाटली ठेवत असे. एकदा बसथांब्यावर ती काढली, तेवढ्यात ह्यांनी झटकन माझा हात धरला. तेव्हा रोज्याच्या वेळेत उघड्यावर खाणं-पिणं हा तिथे गुन्हा होता, दंड होत असे. आता नियम बरेच सैलावले आहेत; २०२१पासून हॉटेलांना पडद्यांची सक्तीही राहिली नाही. पण तेव्हा चाळीस अंशांच्या वर ऊन आणि ती न उघडलेली बाटली! मनात आलं, आपल्याला अर्धा तास निघत नाही. ह्या बायका पहाटे चारपासून संध्याकाळी सातपर्यंत पाण्याचा थेंब न घेता स्वयंपाक कसा करत असतील? आमटीत मीठ पडलं की नाही हेसुद्धा वासावरून ठरवायचं!

आपल्याला निर्जळी उपवास नवा नाही. हरतालिका आपण करतोच. पण तो वर्षातून एक दिवस. एरवी आपली ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर दाण्याची आमटी. भाभींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आमच्यातही रोजा सोडल्यावर तसंच होतं गो. भजी, समोसे, शीरकुर्मा. पोटाला रोजा आणि जिभेला ईद!”

आता जे घडलं ते सांगते. भाभींची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. मी बी. ए., मुंबईत एका शाळेत अर्धवेळ शिकवत होते, म्हणून तिचं हिंदी आणि गणित मी हौसेने बघत असे. दुपारी चारला ती वही घेऊन यायची. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस आली ती अगदी कोमेजलेली. ओठ सुकलेले, डोळे ओढलेले. मला वाटलं, ऊन लागलं. लहान मुलं रोजा धरत नाहीत, अशी माझी समजूत. आईने मुंबईहून पाठवलेल्या अमृतकोकमचं गार सरबत केलं आणि ग्लास तिच्यापुढे ठेवला. ती ग्लासाकडे बघत राहिली. मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, “आधी संपव, मग वही उघडायची.” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात ग्लास रिकामा केला.

भाभींनी त्याच संध्याकाळी आम्हांला बोलावलं होतं. “मुलीचं थोडं कौतुक आहे,” एवढंच म्हणाल्या होत्या. वाढदिवस असेल असं समजून मी रंगपेटी घेऊन गेले. दारातून आत पाहते तर मुलगी नवे कपडे घालून, गळ्यात फुलांचा हार घालून बसलेली! पाहुण्यांपैकी कुणीतरी सांगितलं, “आज तिचा पहिला रोजा.”

माझ्या पायांतलं बळच गेलं. सूर्यास्ताला टीव्हीवर दुबईची ती प्रसिद्ध तोफ उडाली, सगळ्यांनी खजूर उचलला, मुलीनेही उचलला. माझ्याकडे बघून तिने हळूच मान हलवली. बोलू नका, असं. पण माझ्याच्याने राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन मी भाभींना सगळं सांगून टाकलं. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग मुलीला हाक मारली. मुलगी खाली बघत म्हणाली, “अम्मी, मी विसरले होते.”

भाभींचा चेहरा निवळला. “विसरून घेतलं तर रोजा मोडत नाही. अल्लानेच पाजलं, असं आमच्यात म्हणतात. आणि ती अजून लहान. तिच्यावर रोजा फर्जच नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातात फिरनीची वाटी दिली.

पण ती विसरली नव्हती, हे मला ठाऊक होतं. ग्लासासमोरची तिची ती नजर मी पाहिली होती. वर्गात खोटं बोललेलं मी कधी खपवून घेत नसे. इथे मात्र कुणासाठी ती खोटं बोलली, हे उघड होतं. मी गप्प राहिले आणि फिरनी मला गिळेना.

दोन दिवसांनी हिशेब सोडवता सोडवता ती मान वर न करता म्हणाली, “काकी, ईदनंतर मी एक रोजा जास्तीचा ठेवणार आहे. अम्मीला सांगितलंय.” म्हणजे तिने आईला खरं सांगितलं होतं. भाभी मला त्याबद्दल एका शब्दानेही बोलल्या नव्हत्या.

२५ जूनला ईद झाली. पडदे निघाले, दुकानं पूर्ववत झाली. नंतरच्या आठवड्यात एक दिवस मुलीने आपला रोजा धरला. त्या दिवशी मीही पहाटे उठून चहा-पोळी खाल्ली आणि दिवसभर पाणी घेतलं नाही. कुणाला सांगितलं नाही. ह्यांना सांगावंच लागलं. सूर्यास्त सात वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला. शेवटचा तास काही केल्या सरेना! संध्याकाळी आम्ही दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात खजूर खाल्ला आणि वर तेच कोकम सरबत प्यायलो.

त्या पाच वर्षांत मी बरंच शिकले. गव्हाचा नि मांसाचा घोटून केलेला हरीस, आपल्या गुलगुल्यांसारखे खजुराच्या पाकात घोळलेले लुकैमात. मशिदींबाहेर संध्याकाळी लांबलचक पंगती बसत. घरदार सोडून आलेले कामगार खजूर, ताक, फळं, बिर्याणी पोटभर जेवत. कुणाचा धर्म कोणता, हे कुणी विचारत नसे.

हेही कळलं की त्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं. आपलंही चांद्रच, पण आपण साधारण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून दिवाळी तिच्या ऋतूत ठेवतो. २०२३ साली अधिक श्रावण झाला तो त्याचसाठी. त्यांच्यात अधिक मास नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. भाभी म्हणायच्या, “लहानपणी थंडीतले रोजे धरले, आता उन्हाळ्यातले. म्हातारपणी पुन्हा थंडीतले येतील, तेव्हा सोपं जाईल.”

तुमच्यापैकी कुणावर नव्याने आखाती देशात जायची वेळ आली, तर एवढंच सांगेन. दिवसा बाहेर खाणंपिणं टाळा, शेजारी डबा द्यायचा तर सूर्यास्तानंतर द्या, आणि घरी आलेल्या मुलालासुद्धा पाणी देण्याआधी विचारा.

२०२१ साली आम्ही मुंबईला परतलो. भाभींनी निघताना आईसाठी खजुराचा डबा दिला होता. तो पोचवायला मी पहिल्यांदा गोलदेवळावरून पुढे पायी गेले. जिना आमच्या चाळीसारखाच, लाकडी कठड्याचा. नानींनी दार उघडलं आणि विचारलं, “तूच ना सरबतवाली?”

तेव्हापासून रमजानात एकदा तरी जाते. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा होता. सकाळी गिरगावातली शोभायात्रा पाहिली आणि संध्याकाळी श्रीखंडाचा डबा घेऊन नानींकडे गेले. त्यांनी खजुराने रोजा सोडला आणि आम्ही गच्चीवर गेलो. पश्चिमेला, आमच्या गिरगावच्या बाजूला, चंद्राची बारीक कोर होती. आसपासच्या गच्च्यांवरून “दिसला, दिसला!” असा गलका झाला. आमच्या चैत्राची पहिली कोर तीच, आणि त्यांच्या ईदचा चंद्रही तोच.

तेवढ्यात दुबईहून फोन आला. मुलगी आता एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाते. “काकी, आमची ईद आजच झाली. तुमची?”

“आमची उद्या,” मी म्हटलं. नानी माझ्याकडे बघून हसल्या. ‘आमची’ म्हणून गेले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.