नशा आणि हेतू

खुनाच्या खटल्यात आरोपीचे नातेवाईक पहिल्याच भेटीत सांगतात, "वकीलसाहेब, तो प्यायलेला होता हो, त्याला कसलीच शुद्ध नव्हती." त्यांना वाटतं, अर्धा खटला इथेच सुटला. मला मात्र खरी अडचण इथूनच सुरू होताना दिसते. 'शुद्धीत नव्हता' म्हणायचं, तर वार त्यानेच केला हे जवळजवळ कबूल करावं लागतं. 'तो तिथे नव्हताच' हेही सोबत म्हटलं, की न्यायाधीशांचा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

फसवून किंवा जबरदस्तीने पाजलेली असेल आणि आपण काय करतोय हे कळतच नसेल, तर सुटका आहे: दंड संहितेचं कलम 85, आता न्याय संहितेचं 23. स्वतःहून प्यायलेल्याची गाठ 86शी, म्हणजे आताच्या 24शी. शुद्धीतल्या माणसाला असते ती जाणीव त्यालाही होती, असं कायदा धरूनच चालतो. हेतू मात्र परिस्थितीवरून ठरतो. आमचं सगळं काम एवढ्याशा फटीत चालतं. हेतू गळून पडला आणि सदोष मनुष्यवध ठरला, तर फाशी-जन्मठेपेऐवजी शिक्षा जास्तीत जास्त 10 वर्षांवर येऊ शकते.

1956चा बासदेव खटला या कामात कायम उशाशी असतो. निवृत्त जमादार लग्नाच्या जेवणाला गेला. एका मुलाला सरकायला सांगितलं, तो हलला नाही, तशी गोळी झाडली. तो प्यायलेला होता, यावर वाद नव्हता. पण तो आपल्या पायांनी आला होता, जागा त्यानेच निवडली, नंतर पळू लागला आणि पकडल्यावर माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने खूनच ठरवला.

म्हणून किती प्याला, यापेक्षा मी जबाबांत दुसरंच शोधतो. कुणाला नावाने हाक मारली का? कोयता आतून आणला की हाताशी होता? मागाहून लपवला का? डॉक्टरांच्या कागदात तोंडाचा वास असतोच. चाल आणि बोलणं काय लिहिलंय, ते मोलाचं. दारूबंदी कायद्यातला रक्तातला 0.05 टक्क्यांचा आकडा प्यायल्याचा पुरावा ठरेल, हेतू हरवल्याचा नव्हे.

हे सारं सत्र न्यायालयातच नोंदीवर यावं लागतं, कारण बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. उलटतपासणीत एक शब्दही न विचारता उच्च न्यायालयात नशेचा मुद्दा काढणारे अपिलाचे कागद माझ्याकडे येतात. तरुण वकिलांना माझं एवढंच सांगणं: हा बचाव घ्यायचा, तर पहिल्या साक्षीदारापासून घ्या, नाहीतर घेऊच नका.