डक्सफर्डचें विमान

केंब्रिजचें विद्यापीठ ठाऊक नाहीं असें सुशिक्षित घर आपल्याकडे विरळा. परंतु त्या नगराच्या दक्षिणेस अवघ्या आठेक मैलांवर असलेलें डक्सफर्ड पाहिल्यावांचूनच आपल्याकडील प्रवासी बहुधा माघारीं फिरतो. व्हिटल्सफर्डच्या स्थानकावर उतरून पुढें गेलें, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळांतील, लांकडी कमानींच्या छपरांच्या विमानशाळा दिसूं लागतात. १९३८ च्या ऑगस्टांत ब्रिटिश हवाई दलाच्या ज्या तुकडीस पहिलें स्पिटफायर मिळालें, ती १९ वी तुकडी येथेंच होती. आज हें स्थळ इंपीरियल वॉर म्युझियमकडे आहे.

'एन ३२००' ह्या क्रमांकाचें स्पिटफायर हें येथील भूषण होय. २६ मे १९४० रोजीं डंकर्कच्या रणधुमाळींत १९ व्या तुकडीचा नायक जॉफ्री स्टीफन्सन ह्यास तें कॅलेनजीक सांगात येथील पुळणीवर उतरवावें लागलें. वैमानिक शत्रूच्या हातीं सांपडला आणि विमान वाळूनें गिळलें. १९८६ सालीं त्याचे अवशेष वर काढण्यांत आले, २०१४ त तें पुन्हां आकाशांत उडालें आणि पुढील वर्षीं म्युझियमला दान मिळालें.

असें विमान पुन्हां उभें करावयाचें, तर दोन प्रश्न प्रथम सोडवावे लागतात : त्याचा प्रॉपेलर कोणता होता, आणि त्यावरील रंग व चिन्हें कशीं होतीं? प्रश्न क्षुल्लक वाटतात. परंतु त्या दिवसांत माणसांचे प्राण ह्याच गोष्टींवर अवलंबून होते.

प्रॉपेलर हें हवेंत शिरणारें मळसूत्रच. पहिल्या ७७ स्पिटफायरांस वॉट्सचा लांकडी, दोन पात्यांचा प्रॉपेलर असे. त्याचीं पातीं एकाच कोनांत जखडलेलीं असत. घाट चढतांना मोटारीस एक गिअर लागतो व सपाटीवर दुसरा. तसेंच, जमीन सोडतांना पात्यांस जो कोन सोयीचा, तो भरवेगांत निरुपयोगी ठरतो. म्हणून ७८ व्या विमानापासून डी हॅविलंड कारखान्याचा तीन पात्यांचा धातूचा प्रॉपेलर आला. त्यांत दोन कोन होते. निवड वैमानिकानें करावयाची. अर्थात् विसरण्यासही जागा होती. दोन्ही पाय गमावूनही विमान चालविणारा प्रसिद्ध डग्लस बेडर हा १९४० च्या मार्चअखेर कोन बदलावयास विसरला, आणि उड्डाण करतांनाच त्याचें विमान मोडलें. अखेर त्याच वर्षींच्या जूनपासून कारागिरांनीं विमानतळोविमानतळीं हिंडून, रात्रीचा दिवस करून, आपोआप कोन जुळवून घेणारी योजना बसविण्यास आरंभ केला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हजारांहून अधिक विमानें अशीं सिद्ध झालीं. ब्रिटनच्या आकाशांतील निर्वाणीचा संग्राम त्याच सुमारास पेटला होता!

रंगांची कथा अधिक करुण आहे. म्युनिकच्या पेचप्रसंगाच्या वेळीं, १९३८ त, चिन्हांतील पांढरा रंग दुरून दिसूं नये म्हणून वर्तुळें केवळ तांबडीं-निळीं करण्यांत आलीं. जमिनीवरील टेहळ्यांस स्वपक्षाचें विमान ओळखतां यावें ह्यासाठीं डाव्या पंखाची खालची बाजू काळी व उजव्याची पांढरी रंगवीत. इतकी खबरदारी घेऊनही ६ सप्टेंबर १९३९ रोजीं, युद्धाच्या चौथ्याच दिवशीं, खोट्या इशाऱ्यावर उडालेल्या ७४ व्या तुकडीच्या स्पिटफायरांनीं ५६ व्या तुकडीचीं दोन हरिकेन विमानें शत्रूचीं समजून पाडलीं. मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप हा वैमानिक स्वकीयांच्याच गोळ्यांस बळी पडला. स्पिटफायरनें पाडलेलीं पहिलीं विमानें हीं अशीं आपलींच होतीं!

पुढें १९४० च्या मे महिन्यांत विमानाच्या अंगावरील वर्तुळाभोंवतीं पिवळें कडें आलें, शेपटीवर तिरंगी पट्टा आला. जूनमध्यें पंखांखालचा काळा-पांढरा रंग जाऊन 'स्काय' रंग आला. नांव आकाशाचें, पण छटा फिकट हिरवट!

एवढे फेरफार इतक्या थोड्या अवधींत झाल्यामुळें संशोधकाची मोठी ओढाताण होते. जुन्या छायाचित्रांवर भिस्त ठेवावी, तर कांहीं प्रकारच्या फिल्मवर तांबडा व पिवळा हे दोन्ही रंग काळसर उमटत. कडें आहे कीं नाहीं, हेंच कळेना! म्हणून पात्यांची संख्या, तुकडीचीं अक्षरें, क्रमांक, आज्ञापत्रांच्या तारखा अशा सर्व साक्षी ताडून पाहाव्या लागतात. १९ व्या तुकडीचीं 'डब्ल्यूझेड' हीं अक्षरें युद्धारंभीं जाऊन 'क्यूव्ही' आलीं, एवढ्यावरूनही चित्राचा काळ ठरूं शकतो.

ह्या विमानासमोर उभें राहिलें, म्हणजे वाटतें कीं ही खटपट केवळ छंदिष्टांची नव्हे. एका चुकलेल्या रंगाची किंमत ज्यानें प्राणांनीं दिली, त्याच्याविषयीं निदान आपण तरी खरें तेंच सांगावें, एवढेंच ह्या संशोधनाच्या मुळाशीं आहे. आपल्या घरच्या पेटींतही वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें असतील. सांगणारीं माणसें आहेत तोंवर त्यांच्या पाठीवर नांव, गांव आणि साल लिहून ठेवावें. पुढील पिढीला रंग दिसणार नाहींत. अक्षरें तरी दिसतील.