ओगुरातील पत्त्यांचा कारखाना

क्योतोच्या दक्षिणेस उजी हे शहर आहे. चहासाठी आणि ब्योदोइन या प्राचीन बौद्ध मंदिरासाठी ते प्रसिद्ध; जपानच्या दहा येनांच्या नाण्यावर याच मंदिराचे चित्र आहे. परंतु उजीतील ओगुरा या छोट्या स्थानकावर अलीकडे उतरणारी गर्दी मंदिराकडे जात नाही. ती थोडे अंतर चालून एका जुन्या कारखान्यापाशी थांबते. १९६९ साली बांधलेल्या या कारखान्यात पूर्वी खेळण्याचे पत्ते तयार होत. २ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे निन्टेन्डो कंपनीचे वस्तुसंग्रहालय आहे.

कोबे येथे मोत्यांच्या व्यापारात असलेल्या भाच्याकडे आमचा मुक्काम होता. तेथील नातवाच्या हट्टामुळे हा योग आला. प्रवेशपत्रे दारावर मिळत नाहीत. आगाऊ सोडतीत नाव घालावे लागते. प्रौढांस ३,३०० येन. माझ्या पिढीला मारिओ ठाऊक झाला तो मुलानातवंडांच्या तोंडून: लाल टोपीचा, भरघोस मिशांचा, बुटका नळकारागीर. त्याच्यापेक्षा मला त्याच्या मालकांच्या पेढीचे कुतूहल अधिक होते.

ही पेढी १८८९ सालची. फुसाजिरो यामाउची यांनी क्योतोत हानाफुदा नावाचे हाताने बनविलेले पत्ते विकण्यास प्रारंभ केला. बारा महिन्यांची बारा फुले वा झाडे, प्रत्येकाची चार पाने, असा अठ्ठेचाळीस पानांचा जोड. पाइनवर क्रौंच, चेरीचा बहर, पौर्णिमेचा चंद्र अशी त्यांवरील चित्रे मोठी सुरेख. आपल्या घरांत पत्ते म्हटले की वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावतात आणि हानाफुदावरही जुगाराचा डाग होताच. ते लपविण्यात अर्थ नाही. फुसाजिरोंना मुलगा नव्हता, म्हणून जावई दत्तक घेऊन १९२९ मध्ये गादीवर बसविला. त्यांनाही मुलगा नाही. अखेर १९४९ साली पणतू हिरोशी विद्यापीठ सोडून कारभारास बसले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस. त्यांनी २००२ पर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, पेढी चालविली.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर त्या कारकिर्दीतील माल मांडला आहे. छायाचित्रे घेण्यास मनाई, आणि माहितीचे फलक जवळजवळ नाहीतच. ज्याला ठाऊक आहे त्याने लहानग्यांना सांगावे, असाच बेत दिसतो. खेळांच्या यंत्रांबरोबर तेथे १९७१ चे स्वस्त नक्कलयंत्र आहे, चक्क एक बाबागाडीही आहे. न चाललेला माल कोणी काचेआड सन्मानाने ठेवील, ही कल्पना मला नवी होती. आपल्याकडे तो दिवाळीपूर्वी भंगारात जातो.

मला सर्वांत भावला तो १९६६ चा ‘अल्ट्रा हँड’. कात्रीसारख्या पट्ट्या जोडून लांब पसरणारा प्लॅस्टिकचा पंजा, एवढीच वस्तू. गुनपेई योकोई हे पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करणारे नोकरदार; रिकाम्या वेळेत त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी तो बनविला. हिरोशींच्या नजरेस तो पडला. नोकराला रागावण्याऐवजी त्यांनी तीच वस्तू बाजारात आणण्यास सांगितले आणि ती दहा लाखांवर खपली. याच योकोईंनी पुढे ‘गेम बॉय’ घडविला.

मारिओचा जन्म तर सरळसरळ पडून राहिलेल्या मालातून झाला. ‘रडार स्कोप’ नावाची सुमारे ३,००० यंत्रे अमेरिकेसाठी मागविली होती. त्यांतील दोन तृतीयांश विकलीच गेली नाहीत. भांडवल अडकलेले आणि गोदामाचे भाडे चालू. तीच यंत्रे बदलून त्यांत बसविण्याजोगा नवा खेळ शिगेरु मियामोतो या तरुण चित्रकाराकडून करून घेतला. तो १९८१ चा ‘डाँकी काँग’. त्यातील सुतार नायकाला सिएटलजवळच्या टुकविला येथील गोदामाचे मालक मारिओ सेगाले यांचे नाव मिळाले. थकलेले भाडे मागण्यास ते तावातावाने आले होते, अशी कथा सांगतात. तगाद्याला आलेल्या मालकाचे नाव जगभर पोहोचल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

त्याच्या मिशाही काटकसरीतून आल्या. पडद्यावरील मोजक्या ठिपक्यांत तोंड दाखविता येईना, म्हणून नाकाखाली मिशा. केस काढणे कठीण, म्हणून टोपी. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ मध्ये आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळा. नातवाने दाखविल्यावर मला ते दिसले. सारा खेळ चाळीस किलोबाइटांत बसविला आहे.

खालच्या मजल्यावर खेळण्यासाठी प्रत्येकाच्या प्रवेशपत्रावर दहा नाणी जमा असतात. जास्त विकत मिळत नाहीत आणि दहांत सर्व खेळ होत नाहीत. रांगेत उभी मुले गंभीरपणे हिशोब करीत होती. नातवाने दोन नाणी शेवटपर्यंत राखली, ती मला अल्ट्रा हँड चालविता यावा म्हणून. पंजाने चेंडू पकडताना माझी जी त्रेधा उडाली, तीवर मागची रांगही हसली.

याच मारिओची १९९६ ची एक मोहोरबंद प्रत जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील लिलावात पंधरा लाख साठ हजार डॉलरांना गेली. ती कोणी खेळलेली नाही आणि मोहोर फोडली की तिची किंमत संपते. बँकेत असताना तारण म्हणून कोणी ती पुढे केली असती, तर कर्जाचा अर्ज मी परत केला असता.

दुसऱ्या दिवशी क्योतो स्थानकापासून चालत कागियाचो भागातील जुन्या कचेरीत गेलो. १९३० मध्ये उभारलेल्या या वास्तूत पेढी, घर आणि गोदाम एकत्र होते; २०२२ पासून तेथे मारुफुकुरो हे हॉटेल आहे. पेढीच्या चिन्हात वर्तुळामध्ये ‘फुकु’, म्हणजे सौभाग्य, हे अक्षर असे. आपण गल्ल्यावर शुभ-लाभ लिहितो तसे. नावाची जुनी पाटी नव्या मालकांनी जागची हलविलेली नाही. भाच्याने ती वाचून दाखविली: यामाउची निन्टेन्डो, पत्त्यांचे उत्पादक.