दोन मॉनिटर

"मॅडम, आमच्या वर्गाला दोन मॉनिटर आहेत, ते ठीक आहे. पण तुमच्या संगणकाला दोन मॉनिटर कशाला?" आठवीतल्या एका मुलाने मला विचारले. सारा वर्ग हसला. मीही हसले. पण या प्रश्नाचे खरे उत्तर हसण्यासारखे नव्हते. त्यामागे माझी एक चूक होती. तीच आज तुम्हांला सांगते.

मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांच्या घरी उर्दू, शाळेत उर्दू. मराठी कानांवर पडते ती बाजारात, एस. टी. स्टँडवर आणि कचेरीत. म्हणून मी दरवर्षी मराठी शब्दांची यादी तयार करते, प्रत्येक शब्दापुढे उर्दू अर्थ लिहिते आणि तिच्या प्रती मुलांना वाटते. काही शब्द फसवे असतात. 'खाली' हा शब्द उर्दूत 'रिकामे' या अर्थाने येतो, तर मराठीत त्याचा अर्थ होतो 'नीचे'. असे शब्द मी मुद्दाम यादीत घेते.

घरी माझ्याकडे एक जुना संगणक होता. त्याचा मॉनिटर सतरा इंची. मराठी पाठ एका खिडकीत आणि उर्दू अर्थ दुसऱ्या खिडकीत ठेवून मी काम करत असे. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर नस्तालिक लिपीची तिरकी अक्षरे दाटीवाटीने बसत आणि डोळे दुखू लागत. म्हणून मी एक खिडकी उघडायची, दुसरी झाकायची. पुन्हा दुसरी उघडायची, पहिली झाकायची. एका रात्री असेच करताना माझी नजर एक ओळ चुकली. 'शिक्षण' या शब्दापुढे मी 'सजा' लिहिले आणि 'शिक्षा' या शब्दापुढे 'तालीम'. हिंदीत शिक्षा म्हणजे तालीमच. त्यामुळे पुन्हा वाचतानाही ते मला खटकले नाही. दुसऱ्या दिवशी चाळीस प्रती वाटून झाल्या.

घटक चाचणीत एका मुलीने लिहिले, 'शिक्षण म्हणजे सजा.' मी लाल शाईने काट मारली. मधल्या सुट्टीत ती हळूच माझ्याजवळ आली. तिच्या हातात माझीच यादी होती, नीट घडी घातलेली. ती म्हणाली, "मॅडम, मी रात्री पाठ केले होते. तुम्ही असेच दिले होते."

मी यादी पाहिली आणि माझी मान खाली गेली. तिचे गुण मी लगेच दिले, वर्गात माफीही मागितली. पण चाळीस घरांत गेलेला कागद परत कसा आणणार?

त्या संध्याकाळी मी ही हकीकत अब्बांना सांगितली. अब्बा पूर्वी कातिब होते. एका साप्ताहिकाचे मथळे आणि बातम्या ते बोरूने लिहीत. १९९० नंतरच्या दशकात नस्तालिक लिहिणारी सॉफ्टवेअर आली आणि एकेका छापखान्यातून कातिब उठले. अब्बाही उठले. त्यानंतर त्यांनी किराणा दुकानात हिशेब लिहिला, पण संगणकाच्या खोलीत ते सहसा येत नसत. माझे ऐकून ते एवढेच म्हणाले, "कातिब दोन्ही कागद समोर ठेवतो, बेटा. मूळ एकीकडे, नक्कल दुसरीकडे. कागद झाकून नक्कल होत नाही."

हे वाक्य माझ्या मनात राहिले. मी जुन्या सामानाच्या दुकानातून एक रुंद मॉनिटर आणला. माझी एक माजी विद्यार्थिनी आता संगणक अभियांत्रिकी शिकते. ती पेन ड्राइव्हवर उबुंटू घेऊन आली. संगणकावरची आधीची प्रणाली खूप जुनी झाली होती. तिच्या जागी तिने उबुंटू बसवले.

अब्बांनी दारातूनच विचारले, "केवढ्याला पडले?"

"काहीच पैसे लागले नाहीत, आजोबा."

"फुकटच्या वस्तूत खोट असते," अब्बा म्हणाले.

मग तिने त्यांना समजावले. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये एक संकल्प जाहीर केला. संगणकाची प्रणाली कशी लिहिली आहे, हे सर्वांना पाहता यावे, बदलता यावे आणि दुसऱ्याला देता यावे, असा तो संकल्प होता. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो लोकांसमोर ठेवला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. २००४ साली आलेले उबुंटू याच गाभ्यावर उभे आहे.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काही उस्ताद कलम कसे कापायचे ते लपवून ठेवत. आमचे उस्ताद समोर बसवून दाखवत. म्हणत, तू शिक आणि पुढे दुसऱ्याला शिकव. तसेच का हे?"

"अगदी तसेच," ती म्हणाली. अब्बा आत आले आणि खुर्चीवर बसले.

पुढचे काम मी स्वतःच करायचे ठरवले. संगणक बंद करून तारा जोडल्या. जुन्या मॉनिटरची तार व्हीजीए प्रकारची. तिच्या टोकाला तीन ओळींत पंधरा पिना असतात आणि दोन्ही बाजूंना घट्ट बसवायचे स्क्रू असतात. नव्या मॉनिटरची तार एचडीएमआय प्रकारची. संगणकाच्या मागे जे पहिले छिद्र दिसले, त्यात मी ती घातली. संगणक सुरू केला. जुना मॉनिटर उजळला. नवा काळाच राहिला. 'सिग्नल नाही' एवढीच पाटी त्यावर आली.

मला वाटले, दुकानदाराने फसवले. पण मागे वाकून पाहिल्यावर कारण कळले. धाकट्या भावाने कधीतरी खेळांसाठी संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवले होते. जुन्या मॉनिटरची तार त्या कार्डात होती आणि नव्या मॉनिटरची मी मदरबोर्डाच्या छिद्रात घातली होती. कार्ड बसवलेले असले, की अनेक संगणक मदरबोर्डावरून चित्र पाठवणे बंद ठेवतात. मी ती तार कार्डातल्याच दुसऱ्या छिद्रात घातली. दोन्ही पडदे उजळले. दुकानदाराला मी मनातल्या मनात दोष दिला होता, तोही परत घेतला.

आता सेटिंग्जमध्ये जाऊन मी 'डिस्प्ले' उघडले. तिथे दोन मार्ग असतात. 'मिरर' निवडले, की आरशासारखे तेच चित्र दोन्हीकडे दिसते. 'जॉइन' निवडले, की दोन पडद्यांचा मिळून एक मोठा पडदा होतो. मला दुसरा मार्ग हवा होता. पण तो निवडल्यावर गंमत झाली. माउसचा बाण उजवीकडे नेला, तर तो कडेला अडे. डावीकडे नेला, की उजव्या पडद्यावर उगवे! संगणकाला टेबलावरची मांडणी दिसत नाही. कोणता मॉनिटर कोणत्या बाजूला आहे, हे आपणच सांगावे लागते. सेटिंग्जमध्ये एक आणि दोन असे आकडे घातलेले चौकोन होते. ते माउसने ओढून मी टेबलावर होते तसे मांडले. बाण सरळ चालू लागला.

प्रत्येक बदलानंतर संगणक विचारी, 'हा बदल ठेवायचा का?' वीस सेकंदांत उत्तर दिले नाही, तर तो आपोआप पूर्वीची मांडणी परत आणी. पडदा काळा झाला तरी घाबरायचे कारण नाही, म्हणून ही सोय.

अब्बा म्हणाले, "किताबतीत असे वीस सेकंद मिळत नसत. छापून गेले ते गेले."

मला चाळीस प्रती आठवल्या.

कोणती भाषा कुठे ठेवायची, हे मात्र अब्बांनी सांगितले. "उर्दू उजवीकडून सुरू होते. तिला उजवीकडेच जागा दे." मग जुन्या मॉनिटरकडे पाहून म्हणाले, "आणि लिहिण्याचा कागद आडवा कोण धरतो? उभा कर त्याला."

त्या मॉनिटरची मान फिरत असे. मी तो उभा केला आणि सेटिंग्जमध्ये दिशाही बदलली. आधी रुंदीला १२८० आणि उंचीला १०२४ ठिपके होते. आता रुंदीला १०२४ आणि उंचीला १२८० झाले. डावीकडे १९२० ठिपके रुंदीचा मराठीचा पडदा. दोन्ही मिळून २९४४ ठिपक्यांची रुंदी झाली!

मी डावीकडे मराठी यादी उघडली, उजवीकडे उर्दू. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मराठीची ओळ डाव्या टोकाला सुरू होऊन मध्याकडे येत होती. उर्दूची ओळ उजव्या टोकाला सुरू होऊन तीही मध्याकडेच येत होती. दोघी दोन टोकांकडून निघून एकमेकींना भेटायला याव्यात, तशा त्या दिसत होत्या. अब्बाही तिकडेच पाहत होते.

ती यादी आम्ही दोघांनी मिळून तपासली. मी मराठी शब्द मोठ्याने वाचायचा, अब्बांनी उर्दू अर्थावर बोट ठेवायचे. 'शिक्षण' आले, तेव्हा ते हसून म्हणाले, "तालीम. आता नीट बसली." शेवटी आतल्या पेटीतून त्यांनी आपला बोरू काढला आणि एका कोऱ्या कागदावर यादीचे शीर्षक उर्दूत लिहून दिले. कित्येक वर्षांनी लिहिले, तरी हात कापला नाही. त्याचा फोटो काढून मी यादीच्या माथ्यावर ठेवला.

नव्या प्रती वर्गात वाटल्या. पहिली प्रत त्या मुलीला दिली. तिने आधी 'शिक्षण' हा शब्द शोधला, बोट फिरवत पुढचा अर्थ वाचला आणि मग जुनी यादी दप्तरातून काढून मला परत दिली.

"आता ही नको, मॅडम," ती म्हणाली.

ती जुनी यादी मी माझ्या टेबलावर, दोन मॉनिटरांच्या मधोमध चिकटवून ठेवली आहे.