होडी, होरी आणि माझा लाल पेन



तुमच्या वर्गातलं एखादं मूल लिहिता लिहिता अचानक थांबलंय का? तसं असेल तर हा अनुभव जरूर वाचा. यात चूक माझीच आहे, म्हणून मोकळेपणाने सांगते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी चौथीच्या मुलांना 'होडी' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. बहुतेकांनी पावसाच्या पाण्यात सोडलेल्या कागदी होडीबद्दल लिहिलं. कोळीवाड्यातला एक मुलगा मात्र, जो एरवी चार ओळींच्या पुढे जात नाही, त्याने चक्क दोन पानं भरली. पण जिथे तिथे 'होरी'! मी प्रत्येक 'होरी'ला लाल गोल केला, वर 'होडी' लिहिलं आणि खाली शेरा दिला : शुद्धलेखन सुधारा. खरं सांगते, त्याने काय लिहिलंय ते मी धड वाचलंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात विषय होता 'माझा आवडता सण'. त्याने तारीख टाकली आणि वही मिटून ठेवली. त्यानंतरच्या आठवड्यातही तेच.

पालकसभेला त्याचे आजोबा आले. मी तक्रार सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आमी घरात होरीच बोलतो. शाळेत काय लिवायचं ते तुमी शिकवा. पन एक डाव आमची होरी बघून जा."

जुलैतल्या एका रविवारी मी पाचूबंदरच्या किनाऱ्यावर गेले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्यामुळे बोटी वर ओढून ठेवलेल्या होत्या, काही झापांनी आणि प्लास्टिकने झाकलेल्या. एका जुन्या लाकडी होडीची दुरुस्ती चालू होती. आजोबांनी मला ती पहिलीच्या मुलाला समजावून सांगावं तशी समजावली. आधी तळाचं लांब, जाड लाकूड, म्हणजे होडीचा कणा. त्याला पुढे आणि मागे उभी लाकडं जोडायची. मग बाजूच्या फळ्या आणि आतून वाकड्या लाकडांच्या फासळ्या. फळ्यांना साग चांगला, कारण तो पाण्यात लवकर कुजत नाही. दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासून भरायचा आणि वरून तेल, राळ यांचा लेप द्यायचा. कागदावरचा नकाशा कुठेच नव्हता. मापं हाताने घ्यायची, बाकी सगळं सुताराच्या नजरेवर.

एका ठिकाणी बारीक फट दिसली. मी म्हटलं, "अहो, ही राहिली की!"

तेव्हा इतका वेळ आजोबांच्या मागे उभा असलेला मुलगा पहिल्यांदा बोलला. "बाई, ती राहू द्यायची. होरी वर काढली की लाकूड सुकतं. पान्यात गेली की पानी पिऊन फुगतं, मग फट आपोआप मिटते. मोठी असली तरच कापूस."

घरी येऊन त्याची वही काढली. दुसऱ्या पानावर त्याने अगदी हेच लिहिलं होतं. लाकूड सुकतं, फुगतं, फट मिटते. विज्ञानाचा अख्खा धडा त्या पानावर होता आणि त्यावर होते माझे लाल गोल.

मग मी जरा वाचायला बसले. आपला तालुका होड्यांच्या जिवावर मोठा झालेला आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या वर्णनात सोपारा आणि कल्याण यांची नावं येतात. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या स्तूपाचं उत्खनन केलं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथेच मिळाला. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढे इथे जहाजं बांधली जाऊ लागली. चौथीच्या इतिहासात आपण शिवरायांचं आरमार शिकवतो. १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथे जहाजबांधणी सुरू झाली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रात त्याबद्दलची काळजी स्पष्ट दिसते, कारण कल्याणहून समुद्राकडे येणारी खाडी वसईच्या दारातून जाते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राजे, सेनापती, किल्ले सगळ्यांची नावं आपण पाठ करून घेतो. पण ज्यांनी ही जहाजं ठोकली, त्या सुतारांची नावं पुस्तकात येत नाहीत. त्यांची विद्या कोळीवाड्यातल्या घरांत उरली आहे आणि त्या घरांतली मुलं आपल्या वर्गात बसतात, बऱ्याचदा शेवटच्या बाकावर.

ही विद्या आता कमी होत चालली आहे, हेही खरं. साग महाग झालाय. फायबरची बोट हलकी, तिच्या फटी भरायला नकोत. लाकडी होडीच वापरा, असं मी म्हणणार नाही. भल्या पहाटे समुद्रावर मला जायचं नसतं! पण होडी बदलली तरी तिच्यामागचं डोकं वाया जाऊ नये, एवढं तर आपण पाहू शकतो.

मी वर्गात काय केलं ते सांगते. तुम्हीही करून पाहा.

१. क्लेचा गोळा पाण्यात सोडा, तो बुडतो. त्याच क्लेची वाटी करा, ती तरंगते. असं का, ते आधी मुलांनाच बोलू द्या.

२. केळीच्या सोपाच्या होड्या करा (वसईत केळीला काय तोटा!). कोणाची होडी जास्त चिंचोके पेलते ते मोजा आणि तक्ता करा. मोजमाप आणि तुलना आपोआप होते.

३. फळ्यावर दोन रकाने आखा : 'पुस्तकातला शब्द' आणि 'आमच्या घरचा शब्द'. होडी आणि होरी शेजारी शेजारी लिहा. परीक्षेत कोणता लिहायचा हे मुलांना बरोबर कळतं, फक्त दुसरा शब्द चुकीचा ठरवू नका.

४. अर्नाळा किल्ला गाव, पाणजू बेट इथली माणसं पाण्यातून ये-जा करतात. अशा एखाद्या आजी-आजोबांना वर्गात बोलवा.

आजोबा आमच्या वर्गात आले तेव्हा मुलांनी त्यांना पाऊण तास सोडलं नाही. मी त्या मुलाची माफी मागितली, वर्गासमोरच. तो काही बोलला नाही, नुसता खाली बघत राहिला. सगळं लगेच सुधारलं असंही नाही. नारळी पौर्णिमेनंतर मात्र त्याने सहा ओळी लिहिल्या. त्यात दोनदा 'होडी' होतं, एकदा 'होरी'.

या वेळी मी आधी शेवटपर्यंत वाचलं. पेन नंतर उचलला, तोही हिरवा.