लिंबची विहीर आणि विरूबाई

मैत्रिणींनो, विहीर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रहाट, कळशी, काठावरचं शेवाळ आणि "वाकू नका रे" म्हणून ओरडणारी आजी. देऊळ काही येत नाही. आम्हां उंब्रजकरांना देवांची वाण नाही. कृष्णा-तारळीचा संगम आहे, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक गावातच आहे. तरीही गेल्या उन्हाळ्यात एक विहीर बघायला गेले आणि देवळात जाऊन आल्यासारखी परत आले, म्हणून हे लिहायला बसले.

साताऱ्याच्या पुढे पुण्याच्या वाटेवर लिंब फाटा लागतो. तिथून आत शेरेवाडीजवळ ही बारा मोटांची विहीर आहे. वर्गात 'बारव' हा शब्द आला तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, पिंडीच्या आकाराची विहीर खरंच असते का?" तेव्हापासून मनात होतं. एका रविवारी मुलांना आणि सासूबाईंना घेऊन निघाले.

बांधकाम १७१९ ते १७२४ या काळातलं आहे. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर छत्रपती शाहू महाराज होते. त्यांच्या मातोश्री येसूबाई मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याला आल्या त्याही १७१९ सालीच. विहिरीची खोली सांगतात सुमारे ११० फूट, रुंदी ५० फूट. वरून पाहिलं की एक भलीमोठी अष्टकोनी विहीर दिसते, तिला लागून लांबट चौकोनी भाग, आणि दोन्हींच्या मधे कमानींवर पेललेला चक्क एक महाल! त्याच्या खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती, घोडे, कमळं कोरलेली आहेत. विहिरीत महाल कशाला, असं कोणीही विचारील. पण उन्हाळ्याच्या दुपारी तिथे पाच मिनिटं बसा, उत्तर पाठीला आपोआप गार लागतं.

आता पिंडीचं. अष्टकोन म्हणजे लिंग आणि लांबट भाग म्हणजे शाळुंकेची पन्हळ, असं तिथे सगळेच सांगतात. आमच्या ह्यांचं म्हणणं, आठ बाजू केल्या म्हणजे मोटा बसवायला सरळ कडा मिळतात, बाकी सगळं भाविकांचं. असेलही. पण शिल्पशास्त्रात लिंगाचे तीन भाग मानतात. तळाचा चौकोनी ब्रह्माचा, मधला अष्टकोनी विष्णूचा आणि वरचा गोल शिवाचा. पूजेला दिसतो तो फक्त वरचा, आठ कोनांचा भाग शाळुंकेत दडलेला असतो. भिंतीवर पंजात हत्ती धरलेले शरभ आहेत. शरभ हे शिवाचंच एक रूप. मला विचाराल तर बांधणाऱ्याच्या मनात सोय आणि श्रद्धा वेगवेगळ्या नव्हत्याच. देवळात आपण पिंडीवर पाणी घालतो आणि ते पन्हळीतून वाहून जातं. इथे उलट, पिंडीतूनच पाणी उपसायचं.

मोट आता नव्या मुलींना माहीत नसेल. चामड्याचा मोठा डोल नाड्याला बांधून विहिरीत सोडायचा. बैल धावेवरून उताराला निघाले की तो भरून वर येतो, पाणी थारोळ्यात पडतं आणि पाटाने रानात जातं. इथे नाव बारा मोटांचं, पण सोय पंधरांची आहे म्हणतात. हे सगळं पाणी कशासाठी, तर आमराईसाठी. सुमारे ३३०० आंब्याची झाडं होती म्हणे!

आणि हे सारं करवून घेतलं एका बाईने, विरूबाई भोसले यांनी. ही बाई शाहू महाराजांची लग्नाची राणी नव्हे. सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्या. विरूबाई मोगलांच्या छावणीपासून महाराजांच्या सोबतीला होत्या. घरातला सगळा कारभार त्यांच्या हाती होता आणि फत्तेसिंह भोसल्यांना त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. १७४० साली त्या गेल्या.

हे मी पायरीवर बसून सांगत होते. सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हंजे लग्नाची न्हवती?" मी म्हटलं, नव्हती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पर नाव हाय की अजून."

मला आमच्या वडिलांची थोरली आत्या आठवली. नवऱ्याने टाकलेली, जन्मभर माहेरी राहिलेली. मळ्यात मोट चालायची तेव्हा दारं धरायला ती असायची, चिखलात गुडघाभर. बांधावर दोन आंबे तिने लावले, हंड्याने पाणी घालून जगवले. वाटणीच्या कागदावर तिचं नाव कुठेही आलं नाही. ती कोणाच्या हिश्श्यात धरायची यावरच भाऊ भांडले. आंबे अजून फळतात. घरात त्यांना 'शेपू आंबा' आणि 'बांधावरचा' म्हणतात. लावणारीचं नाव मी विचारलं तर धाकट्या पिढीत कोणाला सांगता आलं नाही. घरी आल्यावर मी वहीत ते लिहून ठेवलं आणि मुलांकडून दोनदा म्हणवून घेतलं. मुलं हसली. हसू देत.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा, ऊन चढलं की वरचा दगड तापतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, लहान मुलांचा हात सोडू नका. भिंतीतले जिने अरुंद आहेत, साडी असेल तर निऱ्या वर खोचा. डबा खाली नेऊ नका, वर झाडाखाली बसून खा, आणि कागद, पिशव्या आठवणीने परत घेऊन या. पाण्यावर तरंगणाऱ्या बाटल्या पाहून सासूबाईंना फार राग आला होता. चपला मात्र त्यांनी पहिल्याच पायरीवर काढून ठेवल्या होत्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी.