पुसण्याची कळ

माणसाच्या सवयी त्याच्या डोक्यांत राहतात, असा एक समज आहे. माझ्या निम्म्याहून अधिक सवयी माझ्या बोटांत राहतात. संगणकावर चुकलेलें अक्षर पुसणारी कळ कोठें आहे, असें कोणीं विचारलें तर मला क्षणभर आठवावें लागेल. माझ्या उजव्या करंगळीला मात्र आठवावें लागत नाहीं. वीस वर्षांच्या सरावानें मिळविलेलें हें तिचें धन आहे.

गेल्या महिन्यांत माझ्या संगणकाची कार्यप्रणाली नवी झाली आणि ह्या धनावर घाला आला. खिडक्यांचे रंग उजळले, अक्षरें सुबक झालीं. परंतु टर्मिनल म्हणून जी साधी चौकट असते, जींत चित्रांवाचून नुसत्या शब्दांनीं यंत्राला आज्ञा द्यावयाची, तेथें करंगळीचें कोणी ऐकेना. पुसण्याची कळ दाबावी, तों चुकलेलें अक्षर जागच्या जागीं, आणि त्यापुढें काकपदासारखी एक खूण व इंग्रजी 'एच' उभा! परवलीचा शब्द लिहितांना तर कांहींच दिसत नसे. शब्द तेवढा नाकारला जाई. इमॅक्स नांवाच्या लेखनसाधनांत त्याहून मौज. अक्षर पुसावयास जावें, तों मदतीचें पान पुढें येऊन उभें राही. न मागतां मदत करणारे आप्त सर्वांच्याच घरीं असतात. त्यांत हा एक नवा आला.

माझा पुतण्या ह्या विद्येंत जाणता आहे. तो म्हणाला, "काका, दुसरी कळ वापरा. आठ दिवसांत सवय होईल."

मीं दुसरी कळ वापरली नाहीं; पहिलीचा इतिहास शोधला. कळ स्वतः कांहींच पुसत नाहीं. ती एक आंकडा पाठविते, आणि त्याचा अर्थ पलीकडच्यानें लावावयाचा असतो. तंटा आहे तो ८ आणि १२७ ह्या दोन आंकड्यांचा. जुन्या टंकलेखनयंत्रावरील 'बॅकस्पेस' अक्षर पुसत नसे; कागदावर एक घर मागें नेई, इतकेंच. 'आस्की' संकेतावलींत ह्या मागें सरण्याला ८ हा आंकडा मिळाला. पुसण्याचा आंकडा निराळा. १९६३ सालीं ही संकेतावली प्रथम ठरली, तेव्हां मजकूर कागदी फितीवर भोंकें पाडून ठेवीत. पाडलेलें भोंक बुजवितां येत नाहीं. म्हणून चुकलेल्या जागीं सातही भोंकें पाडीत, आणि वाचणारें यंत्र ती जागा ओलांडून जाई. सातही भोंकांची बेरीज १२७. पुढें १९७८ च्या व्हीटी-१०० ह्या टर्मिनलवर ह्या दोन कामांच्या दोन निराळ्या कळा होत्या; १९८३ च्या व्हीटी-२२० वर पुसण्याची कळ १२७ पाठवी. आजची चौकट म्हणजे त्याच यंत्रांनीं घेतलेला नवा अवतार. आंकड्यांचा तंटाही तिच्याबरोबर वारशानें आला.

कंट्रोल व व्ही ह्या कळा एकत्र दाबून मग पुसण्याची कळ दाबली, कीं तिनें काय पाठविलें तें दिसतें. माझी कळ ८ पाठवीत होती आणि ऐकणारा १२७ ची वाट पाहत होता. दोघेही आपापल्या परीनें खरे! 'एसटीटीवाय' ही आज्ञा देऊन ऐकणाऱ्याला ८ शिकवितां येतें; परंतु ती शिकवण त्या चौकटीपुरतीच टिकते. म्हणून मीं चौकटीच्याच मांडणींतली एक निवड बदलून कळीला १२७ पाठवावयास लावलें. काम अर्ध्या मिनिटाचें होतें.

पुतण्याचा सल्ला वाईट हेतूचा नव्हता. "सवय बदला" असें सांगणें सोपें असतें, कारण तिची किंमत सांगणाऱ्याला द्यावी लागत नाहीं. सुधारणेचा मी वैरी नव्हे. फितीवर भोंकें पाडीत बसण्याची मला हौस नाहीं. परंतु कळीचा अर्थ कळींत नसतो, दोघांमधल्या करारांत असतो. आणि एका बाजूनें मुकाट्यानें करार बदलला, कीं दुसरी बाजू विनाकारण अडाणी ठरते. फळीवरचे डबे खुशाल नव्यानें मांडावेत. मात्र मिठाचा डबा कोठें ठेवला, एवढें रोज स्वयंपाक करणाऱ्या हाताला आधीं सांगावें.